कॅमेरा धरणारी

तव्याची कड हाताला लागली की माणूस हात मागं घेतो. विचार करून घेत नाही, हात आपसूक मागं येतो. त्या रविवारी सकाळी भाकरी उलटताना अक्षदाची उजवी करंगळी तव्याच्या कडेला टेकली आणि टेकलेलीच राहिली. ती आईशी बोलत होती, दवाखान्यातल्या एका म्हातारबुवांची नक्कल करत होती. कातडी करपल्याचा वास आधी मंगलच्या नाकाला आला. लेकीला कळलं ते वासानं, चटक्यानं नाही.

“अगं, करंगळी.”

“लागलं वाटतं,” अक्षदा म्हणाली आणि बोट तांब्यातल्या पाण्यात बुडवलं. मग नक्कल जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू केली.

मंगलला पुढचं काही ऐकू आलं नाही. पोरगी लहानपणी काटा रुतला तरी अख्खी आळी गोळा करायची. आज बोटावर पांढरा फोड आला आणि तिच्या डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर आठी नाही. बोट तिचं नव्हतंच जणू. आणि हे बोट साधं नव्हतं. ह्याच हातानं अक्षदा मंचरच्या दवाखान्यात माणसांच्या पोटात कॅमेरा धरत होती.

अक्षदा सत्तावीस वर्षांची, उंची चार फूट दहा इंच. गावात, शिनोलीत, तिच्या वयाच्या पोरी दोन-दोन लेकरांच्या आया झाल्या होत्या. ती मात्र बारावी सायन्स करून पुण्याला गेली, ऑपरेशन थिएटर टेक्निशियनचा डिप्लोमा केला आणि परत आली ती थेट डॉक्टर अमृत यांच्या हाताखाली. डॉक्टर मूळचे आणे गावचे, पठारावरचा गडी, सहा फुटांच्या वर उंच. दवाखान्यात त्यांना सगळे ‘अमृत सर’ म्हणत. मंगलनं त्यांचा नंबर तसाच फोनमध्ये साठवला, तेव्हा तिचा नवरा सावळाराम म्हणाला होता, “हे पंजाबातलं गाव कशाला घातलंस फोनात?”

दुर्बिणीचं ऑपरेशन कसं चालतं, हे मंगलला लेकीनं समजावून सांगितलं होतं. पोट फाडत नाहीत. बेंबीपाशी एक बारीक भोक आणि आणखी दोन-तीन, बोटाच्या पेराएवढी. आत गॅस भरून पोट फुगवायचं म्हणजे काम करायला जागा होते. एका भोकातून कॅमेऱ्याची लांब दांडी, बाकीच्यांतून हातभर लांब चिमटे आणि कात्र्या. डॉक्टरांचे डोळे पोटाकडं नसतातच, समोरच्या पडद्याकडं असतात. आणि पडद्यावर काय दिसणार, ते कॅमेरा धरणारी ठरवते.

“म्हणजे डॉक्टरांचे हात आणि तुझे डोळे,” मंगल म्हणाली होती.

“सर पण असंच म्हणतात.”

हे सांगताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते मंगलला आजही आठवत होतं. दहावीला पहिली आली तेव्हाही असा झाला नव्हता.

घरीसुद्धा पोरगी सराव करायची. नारायणगावच्या बाजारातून आलेलं टोमॅटोचं एक क्रेट तिनं रिकामं केलं, वरून फडकं ताणून बांधलं आणि फडक्याला भोकं पाडली. मोटारसायकलवाले मेकॅनिक इंजिनात घालून बघतात तो वायरीचा कॅमेरा मागवला, एका सळईला बांधला आणि मोबाईलला जोडला. डॉक्टरांनी मोडीत काढलेले दोन लांब चिमटे मागून आणले. आत वाटीत हरभरे. मग रविवारी दुपारी पडवीत मायलेकींचा दवाखाना चालायचा. मंगल चिमट्यानं हरभरे उचलून दुसऱ्या वाटीत टाकायची आणि अक्षदा कॅमेरा धरायची.

पहिल्या दिवशी मंगलला एकही हरभरा धरता आला नव्हता. हात उजवीकडं नेला की टोक डावीकडं पळायचं.

“पहार आठव,” अक्षदा म्हणाली. “पहारीची मूठ खाली दाबली की टोक वर येतं ना? तसंच. पोटाची कातडी म्हणजे मधला दगड.”

पहार मंगलला कळत होती. हळूहळू जमलं. पण एक गोष्ट तिनं तेव्हाच ध्यानात घेतली होती. अक्षदानं चेष्टेत कॅमेरा जरा जरी कलवला, तरी वाटी पडद्यावरून घसरायची, आणि चिमटा मात्र आतच असायचा, उघड्या तोंडाचा.

“आंधळी केलीस की मला,” मंगल हसत म्हणायची.

तो रविवार हसण्याचा नव्हता. जेवणं झाल्यावर मंगलनं आपणहून क्रेट काढलं.

“दाखव, कशी उभी राहतेस तिथं.”

“आज कशाला? जाऊ दे ना आई.”

“दाखव.”

चौरंगावर क्रेट ठेवून अक्षदा उभी राहिली. हात सैल, कोपर कुशीला लागलेलं. मंगलनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून वेळ लावली. अर्ध्या तासानंतरही चित्र जागचं हललं नाही. मंगलच्या जीवात जरा जीव आला.

“टेबल एवढंच असतं का तिथं?”

अक्षदानं क्रेट उचललं आणि धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवलं. आता वरचं फडकं तिच्या छातीशी येत होतं.

“एवढं असतं. सरांच्या मानानं बरोबर आहे. त्यांना वाकावं लागत नाही.”

“आणि तू?”

“मी सरांच्या डाव्या हाताला. त्यांच्या काखेखालून माझा हात पुढं जातो. पडदा त्यांच्या समोर, मग मला मान अशी वळवावी लागते.” तिनं मान वळवून दाखवली. कोपर दुमडून वर उचललेलं, खांदा कानाशी भिडलेला, टाचा जमिनीपासून सुटलेल्या. कुणीतरी पोरीला खुंटीला टांगलंय असं मंगलला वाटलं.

पुन्हा घड्याळ लावलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. बाविसाव्या मिनिटाला मोबाईलवरची वाटी हळूच एका अंगाला कलली. मंगलनं घड्याळाकडं बघितलं. आणखी मिनिटभर तिनं वाट बघितली. अक्षदाचं लक्ष चित्राकडंच होतं.

“हललं का गं?” तिनं विचारलं.

“हललं नाही, कललं. तुला दिसलं नाही?”

अक्षदानं दांडी बाजूला ठेवली आणि खाली बसली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दुसऱ्या हातानं चोळत राहिली.

“कोपर दुमडून फार वेळ धरलं की तिथली शीर दबते,” ती म्हणाली. परीक्षेतलं उत्तर सांगावं तशी. “मग ही दोन बोटं झोपतात. आधी केस संपली की जागी व्हायची. आता दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं.”

“किती दिवस झाले?”

“चैत्रापासून.”

बाहेर श्रावणातली झड लागली होती. मंगलनं बोटांवर महिने मोजले आणि चौथ्याला थांबली.

हळूहळू एकेक बाहेर आलं. आधी अक्षदाला उभं राहायला लोखंडी पायरी होती. तिच्यावर चढलं की सगळं बेतात यायचं. चैत्रात पायरीचा एक पाय निखळला म्हणून ती वेल्डिंगला दिली, ती आलीच नाही. कुणी विचारलं नाही. अक्षदानंही नाही.

“का नाही विचारलंस?”

“पहिल्या दिवशी वाटलं, आजच्या दिवस काढू. मग आठवडा गेला. आता विचारलं तर सर म्हणतील, इतके दिवस कसं धरलंस?”

“मग सांगायचं, त्रास होतो.”

“वैजयंती मॅडमनी सांगितलं होतं.”

वैजयंती मॅडम म्हणजे अक्षदाच्या आधी कॅमेरा धरणारी. खांदा दुखतो म्हणाली. डॉक्टर काही रागावले नाहीत, उलट आराम करा म्हणाले, आणि तिला बाहेर केसपेपर लिहायला बसवलं. तीन वर्षं झाली, ती अजून केसपेपर लिहिते. येणाऱ्याला नाव, गाव, वय विचारते.

“मला तिथं नाही बसायचं, आई.”

“मी पाट करून आणते सुताराकडून. त्याच्यावर उभी राहा.”

“लाकूड आत नेत नाहीत. धुता येत नाही नीट. आणि लोखंडाचं नेलं तरी सर विचारणारच, कशाला म्हणून.”

पावसाच्या आवाजात अक्षदा इतक्या हळू बोलली की मंगलला पुढं वाकावं लागलं.

“मागल्या आठवड्यात पित्ताच्या पिशवीची केस होती. सर नळीला क्लिप लावत होते. शेजारूनच रक्ताची शीर जाते. नेमकं तेव्हा चित्र कललं आणि चिमट्याचं टोक पडद्याबाहेर गेलं. सर थांबले म्हणून बरं. मी म्हणाले, लेन्सवर वाफ आली सर. आत गरम असतं, येते वाफ कधी कधी. कॅमेरा बाहेर काढला, पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात हात झटकून घेतला.”

“आणि?”

“काही झालं नाही. पेशंट तिसऱ्या दिवशी घरी गेला. पण वाफ धरू नये म्हणून लेन्ससाठी पाणी गरम ठेवायचं काम मदतनीस श्रेयाचं. सर तिला सगळ्यांसमोर बोलले. ती रडली.” अक्षदानं मान वर केली. “वाफ नव्हती, आई.”

मंगलला दिसत होतं ते भाताचं खाचर. अक्षदा नऊ वर्षांची, आवणीच्या दिवसांत शाळेला सुट्टी, गुडघाभर चिखल, आणि पोरगी ओणव्यानं रोपं लावतेय. आई, पाठ दुखते. मंगल बी.ए. झालेली बाई, अंगणवाडीत लोकांच्या लेकरांना मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला लावणारी, पण खाचरात ती इतर बायांसारखीच होती. मान वर न करता म्हणायची, कळ काढ गं, एवढी वळ उरकू दे. दर वळीला तेच. पोरीनं वळीवर वळी उरकल्या आणि दुखतंय म्हणायचं सोडून दिलं. तेव्हा मंगलला तिचा अभिमान वाटला होता. बायांना सांगत फिरली होती, माझी अक्षदा लई सोशिक.

“सर पण म्हणतात,” अक्षदा म्हणाली, जणू आईच्या मनातलं ऐकून. “चित्र जरा हललं की म्हणतात, कळ काढ अक्षदा, दोनच मिनिटं. त्यांचं म्हणणं एवढंच असतं की थांब. मी मात्र खरंच कळ काढते.”

संध्याकाळी मंचरच्या गाडीला निघताना तिनं आईचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

“माझी शपथ आहे. कुणाला बोलायचं नाही. मी बघते माझं.”

“काय बघणार तू?”

“बघते म्हणाले ना.”

“शपथ सुटली म्हण.”

अक्षदानं मान हलवली आणि गाडीत चढली.

मंगलचा शपथेवर विश्वास नव्हता. निदान कॉलेजात असताना नव्हता. पण लेकीच्या डोक्यावरून काढून घेतलेला हात रात्रभर जड वाटत राहिला.

सोमवारी सकाळी भावकीतली थोरली जाऊ लंकाबाई दारात आली. अंगानं भरलेली, बोलायला मोकळी बाई. पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. वर्षभर पोट धरून बसायची, पण ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जायची. महिनाभर मंगल तिच्या मागं लागली होती. पोट फाडत नाहीत, तिसऱ्या दिवशी घरी येता, माझी अक्षदा आत असते. शेवटी लंकाबाई तयार झाली.

“बुधवार मिळाला बग,” ती ओट्यावर बसत म्हणाली. “पहिलाच नंबर हाय, धाला. डाक्टर म्हनले, अकरा खडं हायेत. मी म्हनलं, घर बांधायला काढा की. अजून चार पडलं असतं तर जोतं झालं असतं.”

मंगल हसली. हसताना तिला आपलाच आवाज परका वाटला.

“जाऊबाई, थोडं पुढं ढकललं तर? श्रावण आहे, उपास-तापास…”

“अगं, तूच तर म्हैनाभर माझं डोकं खाल्लंस. आन आता म्हनतीस फुडं ढकल? भ्याली का तू?”

“नाही, तसं नाही.”

“मी न्हाई भीत आता. आमचं ह्ये म्हनत व्हतं, पुन्याला जाऊ, मोठ्या दवाखान्यात. मी म्हनलं, पुन्यात मला कोन वळखतं? हितं आपली पोर आत उभी हाय. डाक्टरच्या हातात चाकू असूंदे न्हाईतर पळी, आपली अक्षदा बगतीया ना. म्हून मी निजते त्या टेबलावर. न्हाईतर निजले नसते बाई.”

चहा घेऊन लंकाबाई गेली. मंगल कपबशी हातात घेऊन बसून राहिली. ह्या बाईला तिनंच त्या टेबलापर्यंत नेलं होतं. पित्ताची पिशवी, तीच नळी, तीच शीर. आणि लंकाबाई अंगानं भरलेली, म्हणजे वेळ जास्त लागणार. बावीस मिनिटांच्या कितीतरी पुढं.

मंगळवारी दुपारी तिनं अक्षदाला फोन केला.

“उद्या लंकाकाकीची केस आहे.”

“माहितीय. यादी मीच लिहिली.”

“दुसऱ्या कुणाला धरायला सांग ना. उद्याच्या दिवस.”

“दुसरं कोण आहे, आई? श्रेयाला येत नाही. ती धरील आणि सर मध्येच थांबतील, वैतागतील. त्यापेक्षा माझा हात बरा.”

“तुझा हात झोपतो.”

पलीकडं कुणीतरी अक्षदाला हाक मारली. तिनं ‘आले’ म्हटलं आणि मग फोन तोंडाशी नेऊन पुटपुटली, “मी मध्ये लेन्स पुसायला काढीन. दर दहा मिनिटांनी. तेवढ्यात हात झटकता येतो.”

“म्हणजे पुन्हा वाफ?”

पलीकडून फोन ठेवलेला होता.

तोपर्यंत मंगलला आशा होती की पोरगी स्वतःच बोलेल. आता तिला कळलं की पोरीनं सगळी तयारी केलीय, पण सांगायची नाही, लपवायची. एका खोटेपणाला टेकू म्हणून दुसरा. उद्या काही झालं नाही, तर परवा होईल. लंकाबाईला नाही, तर पारगावच्या उसाच्या फडातून आलेल्या एखाद्या बाईला. आणि झालं, तर त्या क्षणी पडद्याकडं बघत अक्षदाच उभी असेल. तिला सगळं दिसेल. पुढं जन्मभर दिसत राहील.

संध्याकाळी तिनं सावळारामला सांगायचं ठरवलं, तोंड उघडलं आणि मिटलं. शपथ कुणाला बोलायचं नाही अशी होती, आणि नवरा म्हणजे कुणीतरी होताच. स्वतःचाच राग आला. बी.ए. कशाला झाले मी, तिला वाटलं, हे मोजत बसायला?

बुधवारी आठच्या सुमाराला जीप लंकाबाईच्या दारात लागली. रात्रीपासून ती उपाशी होती, पाणीसुद्धा नाही. अंगावरचं डोरलं काढून तिनं सुनेच्या हातात दिलं होतं आणि उघड्या गळ्यावरून पुनःपुन्हा हात फिरवत होती. मंगल जवळ गेली तसा लंकाबाईनं तिचा हात घट्ट धरला.

“अक्षदाला सांगितलंस ना, मी येतीया म्हून?”

“सांगितलं.”

“मग झालं.”

जीप घोडेगावच्या रस्त्याला लागली. मंगल तिथंच उभी राहिली. अंगणवाडी उघडायची वेळ होत आली होती, पाय मात्र घराकडं वळले.

तिनं एकेक वाट तपासून पाहिली. लंकाबाईला माघारी बोलावलं तर ती विचारणार, का? आणि पुन्हा आयुष्यात दवाखान्याची पायरी चढणार नाही, खडे तसेच राहतील. अक्षदाचा फोन आता बंद असणार, आत जाताना सगळ्यांचे फोन कपाटात जातात. उरला एकच माणूस. तो नऊला वॉर्डात फेरी मारतो आणि साडेनऊला हात धुवायला जातो, हे लेकीनंच कधीतरी सांगितलं होतं. घड्याळात आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

त्याला काय सांगायचं, तेही तिनं मनात मांडून बघितलं. तिला काढू नका, सर. तिचा हात वाईट नाही, टेबल उंच आहे. वेल्डिंगला गेलेली पायरी आणा, तोवर दुसरं काहीही द्या, पण लोखंडाचं द्या, धुता येईल असं. पडदा थोडा तिच्याकडं फिरवा. मधेच दोन मिनिटं हात खाली सोडू द्या, आणि कळ काढ म्हणू नका, थांब म्हणा. हे सगळं नीट बोलता येईल. पण सर विचारणार, हे तुम्हाला कसं कळलं? मग वाफेचं सांगावं लागेल. श्रेया फुकट रडली, हे सांगावं लागेल. त्यापुढं काय, ते मंगलच्या हातात नव्हतं. भला माणूस आहे, कदाचित पायरी मागवील. कदाचित शांतपणे म्हणेल, आराम करू दे तिला, आणि केसपेपरच्या टेबलाशी आणखी एक खुर्ची लावील. मग अक्षदा येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव, गाव, वय विचारील आणि रविवारी घरी येणार नाही. आली तरी बोलणार नाही. माझी शपथ मोडलीस, एवढं एकदा बोलेल आणि मग काही नाही.

मंगलनं डोळे मिटून पाहिलं. तिला आपली लेक केसपेपर लिहिताना दिसली, मान खाली घातलेली. तोंड फिरवलेली. पण दिसली. त्या दुसऱ्या चित्रात, लाल झालेल्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या पोरीकडं तिला बघताच येईना.

न बोलणारी लेक चालेल, तिनं ठरवलं. नाव शोधताना अंगठा दोनदा भलत्याच माणसावर गेला. आठ त्रेचाळीसला तिनं ‘अमृत सर’वर बोट ठेवलं आणि फोन कानाला लावला.